पानावरची बुरशी, जांभ्याखालची बुरशी: कवकांच्या प्रजाती ओळखण्याची आणि त्यांचे वर्णन लिहिण्याची रीत

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत जांभ्याच्या थराखाली काही ठिकाणी काळसर चिकणमातीचे आणि लिग्नाइटचे (तपकिरी कच्च्या कोळशाचे) थर आढळतात. विहीर खोदताना किंवा उभ्या कड्याचा भाग ढासळल्यावर ते नजरेस पडतात. भूशास्त्रज्ञ या थरांना सिंधुदुर्ग फॉर्मेशन म्हणतात आणि त्यांचे वय मायोसीन मानतात. मायोसीन म्हणजे सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीचा काळ. या मातीवर प्रक्रिया करून काचपट्टी तयार केली, तर परागकणांच्या जोडीने तपकिरी रंगाच्या, मध्यापासून कडेकडे पेशींच्या ओळी गेलेल्या चपट्या चकत्या दिसतात. त्या पानांवर वाढणाऱ्या बुरशीची फळे आहेत. अशाच रचनेच्या चकत्या विहिरीच्या काठावरच्या झाडांच्या पानांवर आजही मिळतात. जिवंत आणि जीवाश्म कवकांच्या प्रजाती शेजारी शेजारी ठेवून अभ्यासण्याची अशी सोय सगळीकडे नसते, म्हणून पुढील मार्गदर्शन कोकणातील उदाहरणे घेऊन लिहिले आहे. वनस्पतीशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि सूक्ष्मदर्शक हाताळण्याची सवय असलेले हौशी अभ्यासक हे त्याचे वाचक गृहीत धरले आहेत.

प्रारंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. (या लेखात प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज.) जिवंत कवकाची प्रजाती म्हणजे या साऱ्या जाती एकाच पूर्वजापासून आल्या आहेत असे विधान असते, आणि ते डीएनएच्या आधारे तपासता येते. जीवाश्म कवकाची प्रजाती बहुतेक वेळा केवळ आकाराविषयीचे विधान असते: अमुक ठेवणीचे बीजाणू किंवा अमुक रचनेची चकती जिथे दिसेल, तिथे हे नाव लावावे. दोन्ही नावे लॅटिन धाटणीची आणि तिरप्या टायपातली, त्यामुळे कागदावर ती सारखीच वजनदार वाटतात. प्रत्यक्षात त्यांचा अर्थ निराळा असतो, आणि वर्णन लिहिणाऱ्याने आपण कोणत्या प्रकारचे विधान करत आहोत याचे भान पहिल्या ओळीपासून ठेवले पाहिजे.

नमुना गोळा करणे

जिवंत बुरशीसाठी आगोट संपून पावसाने सूर धरला की कामाला लागावे आणि दिवाळीपर्यंत ते चालू ठेवावे. पानांवरच्या काळ्या बुरशी पावसाळ्याच्या अखेरीस पक्व होतात, त्यामुळे फक्त आषाढात गोळा केलेल्या पानांवर पुष्कळदा नुसते तंतू मिळतात आणि बीजाणू मिळत नाहीत. ज्या झाडावरून पान घेतले त्या झाडाची फांदी, शक्य तर फुलाफळासह, सोबत घ्यावी. मेलिओला आणि अस्टेरिना या प्रजातींतील बहुतेक जाती ठराविक कुळातल्या वनस्पतींवरच वाढतात, म्हणून आश्रयी झाड ओळखता आले नाही तर पुढची ओळख पटवणे फार कठीण होते. बुरशी पानाच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या, हे तिथल्या तिथे वहीत लिहावे. पान वाळून वळले की ते सांगताना चूक होते.

आंब्याच्या पानावर दिसणारा प्रत्येक काळा थर एकच असतो, हा समज बागायतदारांत आणि विद्यार्थ्यांतही पक्का रुजलेला आहे. तुडतुड्यांनी सोडलेल्या चिकट गोड द्रवावर वाढणारी काजळी, म्हणजे कॅप्नोडियम आणि तिच्या जवळच्या बुरशी, पानाच्या आत शिरत नाहीत. ओल्या बोटाने चोळले तर ती पापुद्र्यासारखी सुटते आणि खाली हिरवे पान स्वच्छ दिसते. मेलिओलाची काळी बुरशी त्याच आंब्यावर ठिपक्यांनी वाढते, पण तिची शोषकांगे पानाच्या बाह्यपेशींत रुतलेली असतात, त्यामुळे ती चोळून जात नाही. भिंगातून पाहिले तर काजळीचा थर सलग आणि मऊ दिसतो, तर मेलिओलाच्या ठिपक्याला मध्यापासून बाहेर जाणाऱ्या तंतूंची स्पष्ट ठेवण असते. बागेत उभ्या उभ्या करण्याजोगी ही चाचणी दोन वेगवेगळ्या गणांना अलग करते, आणि तिला काहीही खर्च येत नाही.

सुपारीच्या कोळेरोगाचा उल्लेखही इथेच करणे योग्य. तो फायटोप्थोरामुळे होतो. फायटोप्थोरा तंतुमय असते, बीजाणू तयार करते आणि बुरशीसारखीच वागते, तरी तिच्या पेशीभित्तीत प्रामुख्याने सेल्युलोज असते व तिचे नाते तपकिरी शैवाल आणि डायटम यांच्याशी अधिक जवळचे आहे. ती खऱ्या कवकांत मोडत नाही. नामकरणाचे नियम मात्र तिला कवकांच्याच प्रकरणात वागवतात, कारण तिचा अभ्यास परंपरेने कवकतज्ज्ञच करत आले आहेत.

पाने वर्तमानपत्राच्या घडीत दाबून ठेवावीत आणि पहिले काही दिवस कागद रोज बदलावा. कोकणातल्या पावसाळी हवेत ही गोष्ट चुकवली तर नमुन्यावर दुसरीच बुरशी चढते आणि पुढे तिचेच बीजाणू मोजले जातात. प्लास्टिकच्या पिशवीत ओले पान ठेवू नये. अळंबी मात्र दाबू नये. ती उभी चिरून सुमारे ४० ते ४५ अंश सेल्सिअस उष्णतेवर कडक होईपर्यंत वाळवावी, आणि त्याआधी तिचा बीजाणूठसा घ्यावा. टोपी देठापासून कापून अर्धी पांढऱ्या आणि अर्धी काळ्या कागदावर झाकून रात्रभर ठेवली की ठसा मिळतो. वारुळावर येणाऱ्या अळंबीची, म्हणजे टर्मिटोमायसिसची, ओळख गुलाबीसर ठसा, टोपीच्या मध्यावरचे टोकदार उंचवटे आणि वारुळातल्या कवकबागेपर्यंत खोल गेलेला मुळासारखा देठ यांवरून पटते. हा देठ उपटून तोडला तर प्रजातीचे एक मुख्य लक्षण जमिनीतच राहते, म्हणून तो खणून काढावा. हिरवळीवर उगवणाऱ्या क्लोरोफायलम मॉलिबडाइटिस या विषारी अळंबीचा ठसा हिरवट असतो. मोबाइलवर काढलेले टोपीचे वरून एकच छायाचित्र पाठवून नाव विचारण्याची रीत आता फार वाढली आहे. ठसा, देठाचा तळ आणि टोपीखालच्या पाकळ्या (गिल्स) यांवाचून दिलेले नाव हा निव्वळ अंदाज असतो, आणि खाण्याच्या अळंबीबाबत तो जिवावर बेतू शकतो.

जीवाश्मांसाठीच्या मातीची खबरदारी वेगळी आहे. उघड्या पडलेल्या थराचा पृष्ठभाग वाऱ्याने आणि पावसाने आणलेल्या आजच्या बीजाणूंनी माखलेला असतो, म्हणून तो निदान हातभर आत छाटून ताजी बाजू उघडी करावी आणि धुतलेल्या खुरपीने माती काढून लगेच बंद करावी. विहिरीतून माती घेताना खोली कठड्यापासून मोजली की जमिनीपासून, हे लिहून ठेवावे. झाडांची मुळे जिथवर पोचतात तिथवर आजची बुरशीही पोचते, त्यामुळे मुळांचे धागे दिसणारा भाग वगळावा. वनक्षेत्रात नमुने घ्यायचे असतील तर वनखात्याची, आणि खाजगी विहिरीत उतरायचे असेल तर मालकाची परवानगी आधी घ्यावी.

काचपट्टी

पानावरच्या बुरशीसाठी सर्वांत साधी आणि सर्वांत उपयोगी पद्धत नेलपॉलिशची आहे. रंगहीन नेलपॉलिशचा पातळ थर बुरशीच्या एका ठिपक्यावर द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. मग पान किंचित वाकवून कड सुटी करावी आणि पापुद्रा चिमट्याने एका दमात उचलावा. त्या पापुद्र्याबरोबर तंतू, त्यांच्यावरची पानाला चिकटणारी लहान अंगे (अ‍ॅप्रेसोरिया), फळे आणि बीजाणू हे सारे मूळ जागेवर जसेच्या तसे येते. पापुद्रा डीपीएक्समध्ये (वाळून घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवात) काचपट्टीवर बसवला की तो कायमचा टिकतो. सुईने खरवडून तयार केलेल्या काचपट्टीत हेच अवयव विस्कटतात, आणि कोणता तंतू कोणत्या फळाचा हे सांगता येत नाही. त्याच ठिपक्याचा थोडा भाग वेगळा घेऊन तो लॅक्टोफिनॉलमध्ये किंवा सौम्य पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये दाबावा, म्हणजे अ‍ॅस्कस (बीजाणू धरणारी पिशवी) आणि त्यातील बीजाणू पाहता येतात.

किनाऱ्यावर काम करणाऱ्यांनी एक अपवाद ध्यानात ठेवावा. भरतीरेषेवर साचलेल्या फेसात आणि ओल्या वाळूत कोरोलोस्पोरासारख्या समुद्री प्रजातींचे बीजाणू मिळतात. त्यांना नाजूक उपांगे असतात आणि प्रजातीची ओळख बहुतांशी त्यांवरच ठरते, म्हणून ते आधी समुद्राच्या पाण्यातच पाहावेत व त्यांचे चित्र काढून घ्यावे.

लिग्नाइटयुक्त मातीचे काम प्रयोगशाळेचे आहे. रूढ पद्धतीत कार्बोनेट काढण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल, सिलिकेट काढण्यासाठी हायड्रोफ्लुओरिक आम्ल, सेंद्रिय गाळ मोकळा करण्यासाठी नायट्रिक आम्ल आणि शेवटी सौम्य अल्कली असा क्रम असतो. हायड्रोफ्लुओरिक आम्ल त्वचेतून आत शिरून जीवघेणी इजा करते. योग्य धुरांडे, हातमोजे आणि प्रथमोपचाराचे कॅल्शियम ग्लुकोनेट नसलेल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत ते उघडूही नये. माती सुसज्ज संस्थेकडे पाठवावी. मऊ काळ्या चिकणमातीच्या बाबतीत पुष्कळदा फक्त कोमट सौम्य पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि बारीक चाळणी एवढ्यावरही पहिली पाहणी होते. नायट्रिक आम्लात माती जास्त वेळ ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. परागकणांचे कवच स्पोरोपोलेनिनचे असते. कवकांचे बीजाणू टिकतात ते कायटिन आणि गडद रंगद्रव्यांमुळे, आणि ऑक्सिडीकरण वाढले की त्यांचा रंग आधी फिका पडतो व मग भित्तीच विरते. परागकणांसाठी बेतलेल्या काचपट्ट्यांत बुरशी कमी दिसते, याचे एक कारण हेच आहे. प्रत्येक खेपेस माती न घालता सर्व रसायने आणि चाळण्या वापरून एक कोरी काचपट्टीही तयार करावी. तिच्यात बीजाणू दिसले तर ते प्रयोगशाळेतले आहेत. शंकास्पद तंतूला कॉटन ब्लू लावून पाहावे. रंगहीन, आत जीवद्रव्य असलेला आणि निळा रंग झटकन घेणारा तंतू बहुधा आजचा असतो. जीवाश्म तंतू मुळातच तपकिरी आणि पोकळ असतो.

पाहण्याचा क्रम

नावाकडे धाव घेण्याआधी चकतीला ठरावीक प्रश्न ठरावीक क्रमाने विचारावेत. ती गोल आहे की एका बाजूला वाढलेली? पेशी मध्यापासून सरळ अरीय ओळींत आहेत की तंतू वेडेवाकडे गुंतलेले? मध्यावर तोंड आहे का, आणि असल्यास त्याभोवती उंच किंवा गडद पेशींची कड आहे का? तोंड नसेल, तर पक्व चकती ताऱ्यासारख्या फटींनी उघडते का? प्रत्येक पेशीला स्वतःचे बारीक रंध्र आहे का? कड सलग आहे, दातेरी आहे की काटेरी? आणि चकतीला जोडलेले मोकळे तंतू आहेत का?

या उत्तरांवरून जीवाश्मांच्या रूढ प्रजाती वेगळ्या होतात. अरीय पेशी, तोंड नाही, मोकळे तंतू नाहीत आणि पेशींना एकेक रंध्र, असे असेल तर ती डिल्चर यांनी १९६५ मध्ये स्थापिलेली कॅलिमोथॅलस. बाकी सारे तसेच पण पेशींना रंध्रे नसतील, तर एडवर्ड्स यांची १९२२ची फ्रॅग्मोथायराइटिस. मध्यावर कड असलेले तोंड असेल तर ट्रायकोथायराइटिस, कडेला काटे असतील तर पर्माथायराइटिस, आणि तंतू नागमोडी गुंतलेले असतील तर कुक्सन यांची प्लॉक्मोपेल्टिनाइटिस.

इतक्या सरळ वाटणाऱ्या या वाटेत दोन खड्डे आहेत. पहिला तंतूंचा. आजच्या अस्टेरिनाला भरपूर तपकिरी तंतू असतात, पण तिची चकती पानावरून सुटून गाळात वाहत गेली की तंतू तुटतात आणि उरलेली चकती हुबेहूब तंतुविरहित प्रजातीसारखी दिसते. म्हणून मोठ्या वर्धनाखाली कडेभोवती फिरून तुटक्या टोकांचा शोध घ्यावा, आणि ती मिळाली तर वर्णनात "मोकळे तंतू नाहीत" असे न लिहिता "तंतू जपले गेलेले नाहीत" असे लिहावे. दुसरा खड्डा वयाचा. ताराकृती फटीने उघडणारी चकती अपक्व असताना पूर्ण बंद असते. चारदोन लहान चकत्यांवर "तोंड नसलेली नवी प्रजाती" उभी करणाऱ्याने आधी त्याच थरातल्या लहान-मोठ्या चकत्यांची मालिका लावून पाहिली पाहिजे. विहिरीकाठच्या झाडाची पाने इथे फार कामाला येतात: एकाच पानावर एकाच जातीच्या कोवळ्या, पक्व आणि फुटलेल्या चकत्या एकत्र सापडतात, आणि वयानुसार किती बदल होतो याचा प्रत्यक्ष अंदाज येतो. जीवाश्मांतला फरक या पल्ल्यात बसत असेल, तर नवीन नाव देण्याचे कारण उरत नाही.

सुट्या बीजाणूंची वर्गवारी पेशींची संख्या आणि रंध्रे यांवर चालते. इटलीतील सॅकार्डो यांनी एकोणिसाव्या शतकात जिवंत कवकांसाठी एकपेशी, द्विपेशी, आडव्या पटांचे (पट म्हणजे पेशींमधला पडदा), आडव्या-उभ्या पटांचे, दोऱ्यासारखे, वेटोळे आणि ताराकृती असे गट पाडले, आणि जीवाश्म बीजाणूंची मांडणी त्याच सोयीच्या तत्त्वावर उभी आहे. एकपेशी आणि रंध्र नसलेला तो इनअपर्टिस्पोराइटिस. एक रंध्र असलेला मोनोपोरिस्पोराइटिस. दोन पेशींचा, रंध्रविरहित तो डायसेलेस्पोराइटिस. वेटोळे घातलेला इन्व्होल्युटिस्पोरोनाइटिस. यांत एका जिवंत प्रजातीचे तुकडे अनेक नावांखाली जातात. मेलिओलाचेच पाहा. तिचे तंतू दोन पेशींच्या गोंड्यासारख्या उपांगांसह सापडले तर त्यांना मेलिओलिनाइटिस म्हणता येते, पण तिचे तीन-चार पटांचे तपकिरी बीजाणू सुटे सापडले तर ते मल्टिसेलेस्पोराइटिसमध्ये जमा होतात, आणि त्याच पिशवीत अगदी दुसऱ्या वर्गातले बीजाणूही पडतात. याउलट काही आकार इतके वैशिष्ट्यपूर्ण असतात की नाते सांगण्याचे धाडस करता येते. चार लांब शिंगे असलेला फ्रास्नाक्रिटेट्रस हा मेलेल्या गवतावर आजही वाढणाऱ्या टेट्राप्लोआच्या बीजाणूंशी इतका जुळतो की त्यांची तुलना टाळणेच अवघड आहे.

मोजमाप तैलभिंगाखाली करावे आणि नेत्रिकेतील पट्टीचे अंशांकन त्याच सूक्ष्मदर्शकावर, त्याच भिंगासाठी केलेले असावे. निदान तीस बीजाणू मोजावेत. नेहमीची मर्यादा मध्ये आणि क्वचित आढळणारी टोके कंसात, अशी मांडणी रूढ आहे: (१६–)१८–२२(–२५) × ८–१० मायक्रोमीटर. फक्त सरासरी देऊ नये. जीवाश्म काचपट्टीवरच्या प्रत्येक महत्त्वाच्या नमुन्याचे स्थान निर्देशांकांनी नोंदवावे. ते नसेल तर तोच कण पुन्हा शोधण्यात अख्खा दिवस जातो.

वरच्या पायऱ्या

पानावरच्या दोन काळ्या ठिपक्यांपैकी अस्टेरिना डोथिडिओमायसीट्स या वर्गातली, अस्टेरिनेल्स गणातली आहे, तर मेलिओला सॉर्डॅरिओमायसीट्स वर्गातल्या मेलिओलेल्स गणातली. ढालीसारखी चपटी फळेही कवकांच्या एकाहून अधिक शाखांत उत्पन्न झालेली आहेत. म्हणूनच जीवाश्म चकतीला सरसकट मायक्रोथायरिएसी या कुळात टाकण्याची जुनी सवय आता सोडायला हवी. जपलेल्या लक्षणांवरून कूळ ठरत नसेल तर "डोथिडिओमायसीट्स, कूळ अनिश्चित" असे लिहिणे अधिक प्रामाणिक आहे. हा काटेकोरपणा केवळ औपचारिक नाही, कारण कवकांच्या वंशवृक्षाची कालगणना जीवाश्मांवर बेतलेली असते आणि चुकीच्या कुळात टाकलेला एक नमुना साऱ्या फांदीचे वय हलवतो. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी चर्टसारख्या सुमारे ४०.७ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात गारगोटीने पेशीच जशाच्या तशा धरून ठेवल्या आहेत, म्हणून तिथे आतली रचना पाहून वर्ग सांगता येतो. कोकणातल्या दाबलेल्या चकत्यांतून अ‍ॅस्कस मिळण्याची आशा धरू नये. मऊ अळंबीचे जीवाश्म तर जगभरच दुर्मीळ: न्यू जर्सीच्या राळेतील आर्किओमरॅस्मियस आणि ब्राझीलच्या चुनखडकातील, २०१७ मध्ये वर्णन झालेली गोंडवानागॅरिसाइटिस अशी मोजकी उदाहरणे आहेत.

जिवंत नमुन्यासाठी डीएनए आता जवळजवळ अनिवार्य आहे. आयटीएस हा डीएनएचा भाग जाती ओळखण्यास उपयोगी पडतो, पण प्रजातीची सीमा आखण्यासाठी तो फार चंचल ठरतो. तिथे रायबोसोमच्या मोठ्या उपएककाचा एलएसयू भाग आणि आरपीबी२ किंवा टीईएफ१ सारखी जनुके लागतात. नवीन प्रजाती मांडायची तर तिच्या जाती वंशवृक्षात एकत्र याव्यात एवढे पुरेसे नाही. ती वेगळी काढल्यावर उरलेली जुनी प्रजातीही एकसंध राहिली पाहिजे, आणि दोघींना सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे करणारे निदान एक लक्षण दाखवता आले पाहिजे.

वर्णन लिहिणे

"बुरशी काळी, सुंदर, आंब्याच्या बुरशीसारखी, बीजाणू मध्यम आकाराचे" या वाक्यातून कोणालाही काही तपासता येत नाही. वर्णनाचा क्रम बाहेरून आत असावा, प्रत्येक अवयवाला स्वतंत्र वाक्य असावे, आणि क्रियापद गाळलेली तुटक शैली चालते. मांडणी कळावी म्हणून अस्टेरिनाच्या धर्तीवर एक नमुना देतो. त्यातले आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.

"वसाहती पानाच्या वरच्या अंगास, पातळ, काळ्या, गोलसर, पुढे एकमेकींत मिसळणाऱ्या, १–३ मिलिमीटर व्यासाच्या. पृष्ठतंतू तपकिरी, पटयुक्त, किंचित नागमोडी, अनियमित फांद्यांचे. अ‍ॅप्रेसोरिया तंतूंच्या बाजूस, एकाआड एक, एकपेशी, कड अखंड. फळे गोल, चपटी, अरीय पेशींची, १००–१५० मायक्रोमीटर व्यासाची, पक्व झाल्यावर ताराकृती फटींनी उघडणारी. अ‍ॅस्कस गोलसर, दुहेरी भित्तीचे, आठ बीजाणूंचे. बीजाणू लांबट, द्विपेशी, पटाशी आकसलेले, प्रथम रंगहीन, मग तपकिरी, भित्ती गुळगुळीत."

जीवाश्म चकतीचे वर्णन याच क्रमाने करावे, मात्र जे जपलेच गेले नाही ते आणि जे मुळातच नाही ते, या दोन गोष्टी कुठेही एक होऊ देऊ नयेत. वर्णनाखाली स्वतंत्र परिच्छेदात निदान (डायग्नोसिस) लिहावे. वर्णनात सगळे येते. निदानात फक्त जवळच्या प्रजातींहून हिला वेगळे करणारी लक्षणे येतात. माझ्या मते तुलनेचा भाग सर्वांत मोठा असावा, आणि छापून येणाऱ्या अनेक लेखांत तो सर्वांत आखूड असतो. तुलना करताना केवळ छापील चित्रांवर भिस्त न ठेवता मूळ नमुना पाहावा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर कवक संग्रह आहे आणि जिवंत संवर्धनांचा राष्ट्रीय संग्रहही तिथेच आहे. जीवाश्मांच्या काचपट्ट्यांसाठी लखनौच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेशी पत्रव्यवहार करावा.

नाव आणि नियम

नवीन नाव देण्याची वेळ खरोखर आलीच, तर शैवाल, कवके आणि वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय नामसंहितेचे नियम पाळावे लागतात. जिवंत कवकांच्या नावांची गणना १ मे १७५३ पासून, म्हणजे लिनियसपासून होते. जीवाश्मांची ३१ डिसेंबर १८२० पासून. वर्णन किंवा निदान लॅटिन अथवा इंग्रजीतच द्यावे लागते, त्यामुळे मराठीतील टिपण कितीही नेटके असले तरी त्यावर नाव वैध ठरत नाही. जिवंत कवकांना ही इंग्रजीची मुभा १ जानेवारी २०१२ पासून मिळाली. त्याआधी लॅटिन सक्तीचे होते. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक नव्या नावासोबत मायकोबँक, इंडेक्स फंगोरम किंवा फंगल नेम्स यांपैकी एका नोंदवहीचा क्रमांक छापणे बंधनकारक आहे. हा नियम जीवाश्म कवकांनाही लागू आहे, आणि पुराजीवशास्त्राच्या नियतकालिकांत लिहिणाऱ्यांकडून तो हमखास निसटतो. प्रजातीसाठी एक प्ररूप जाती (जिच्यावर प्रजातीचे नाव आधारलेले असते ती) आणि जातीसाठी एक होलोटाइप नमुना (ज्याच्यावर जातीचे नाव आधारलेले असते तो) नेमावा, व तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे ते सांगावे. जिवंत संवर्धन प्ररूप होऊ शकत नाही. ते गोठवून किंवा वाळवून चयापचय थांबलेल्या स्थितीत कायम जतन केलेले असेल तरच चालते. जीवाश्माच्या बाबतीत लक्षणे दाखवणारे चित्र किंवा छायाचित्र १९१२ पासून आवश्यक आहे.

पूर्वी एकाच बुरशीच्या लैंगिक आणि अलैंगिक अवस्थांना दोन नावे चालत. २०११ मध्ये मेलबर्नच्या अधिवेशनाने ती मुभा संपवली आणि एका कवकाला एकच नाव हा नियम आला. जीवाश्मांना मात्र वेगवेगळे अवयव, अवस्था किंवा जतनाचे प्रकार यांसाठी वेगळी नावे ठेवण्याची सवलत अजून आहे, आणि वर सांगितलेले मेलिओलाचे तुकडे तिच्याच आधारे निरनिराळ्या नावांखाली नांदतात. एखादे जीवाश्म नाव आणि जिवंत प्रजातीचे नाव एकाच जिवंत प्रजातीचे ठरले, तर जीवाश्म नाव जुने असले तरी जिवंत नमुन्यावर बेतलेल्या नावाला प्राधान्य मिळते. जीवाश्म प्रजातींच्या नावांना "-आइटिस" असे शेपूट जोडण्याचा प्रघात आहे; तो नियम नव्हे, पण पाळलेला बरा, कारण त्यामुळे वाचणाऱ्याला हे आकारावर बेतलेले नाव आहे हे लगेच कळते. याच कारणासाठी मायोसीन मातीतल्या चकतीला थेट अस्टेरिना म्हणू नये. तंतू, अ‍ॅप्रेसोरिया, फटीने उघडणारे फळ आणि द्विपेशी बीजाणू ही चारही लक्षणे एकाच नमुन्यात जोडलेली दिसली तरच तसे म्हणण्याला आधार आहे.

पुरावा अपुरा असेल तर नमुन्याला "कॅलिमोथॅलसशी तुलनीय" असे लिहून थांबावे, छायाचित्रे व मोजमापे द्यावीत आणि काचपट्टी संग्रहात जमा करावी. पाकिटावर किंवा काचपट्टीच्या डब्यावर गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, आश्रयी झाड किंवा थराचे नाव व खोली, गोळा करणाऱ्याचे नाव आणि वहीतला क्रमांक एवढे पेन्सिलीने किंवा न विरघळणाऱ्या शाईने लिहावे. साध्या बॉलपेनची शाई कोकणातल्या दमट कपाटात एका पावसाळ्यात पसरते.